रोज एक माणूस

आरशासमोर उभे राहून पट्टी धरली तर कोणालाही दिसेल की डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. आता नवख्या माणसाने काढलेला चेहरा पाहा. डोळे वर कपाळात चढलेले, कपाळ उरलेलेच नाही, आणि डोक्याचा वरचा भाग तर कापून टाकल्यासारखा. हात थरथरला म्हणून हे झालेले नसते. त्याच हाताने तो माणूस सुबक अक्षर काढतो, सुईत दोरा ओवतो. चेहऱ्यात आपल्याला हवे असतात ते डोळे, नाक आणि तोंड, कारण समोरच्याचा रागलोभ तिथे कळतो. कपाळ आणि केसांचा भाग फारसे काही सांगत नाही, म्हणून मन त्याला जागाच देत नाही. मानवाकृती काढायला शिकणाऱ्याची खरी झुंज मनातल्या या तयार चित्राशी असते, आणि नियमित सराव कशासाठी, याचे उत्तरही इथेच शोधावे लागते. रोजच्या सरावाने माणूस चांगला काढता येऊ लागतो हे खरेच आहे. पण त्या सरावाने हात जेवढा बदलतो त्याहून कितीतरी अधिक पाहण्याची रीत बदलते. ज्या सरावात आपले पाहणे तपासले जात नाही, तो कितीही नियमित असला तरी जुनी चूकच पक्की करतो.

या म्हणण्याला मानसशास्त्रात चांगला आधार आहे. डेल कोहेन आणि सुसान बेनेट यांनी १९९७ साली एक साधा प्रश्न विचारला: बहुतेकांना समोर दिसते ते काढता का येत नाही? हात चुकतो, काय काढायचे याची निवड चुकते, की मुळात वस्तूच चुकीची पाहिली जाते? एकेक शक्यता बाजूला काढत गेल्यावर त्यांना मुख्य दोष पाहण्यातच सापडला. त्याआधी, १९३१ मध्ये, रॉबर्ट थाउलेस यांनी दाखवले होते की कलती धरलेली गोल चकती डोळ्यावर लंबगोल उमटते, तरी आपल्याला ती प्रत्यक्षापेक्षा अधिक गोल भासते. चकती गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि ते ज्ञान नजरेत मिसळते. माणूस काढताना हीच अडचण शंभर ठिकाणी येते. आपल्याकडे रोखलेला हात डोळ्याला वीतभरही दिसत नाही; पण हात लांब असतो हे माहीत असल्याने नवखा तो लांबच काढतो, आणि कागदावरच्या माणसाचा खांदा उखडल्यासारखा होतो.

मग कसलेल्या चित्रकाराच्या डोळ्याला हा भ्रम होत नाही का? फ्लोरियाँ पेर्द्रो आणि पॅट्रिक कॅव्हना यांनी २०११ मध्ये हेच तपासले. त्यांच्या चाचण्यांत चित्रकारही इतरांइतकेच फसले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. चित्रकाराला वेगळे डोळे मिळालेले नसतात, आणि वीस वर्षे रेखाटन केले तरी ते मिळत नाहीत. फरक पडतो तो कामाच्या पद्धतीत. नवखा एकदा पाहतो आणि लांबलचक रेघ ओढून मोकळा होतो. जाणता चित्रकार रेघेचे लहान तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला मॉडेलकडे नजर टाकतो, कागदाकडे परत येतो, पुन्हा पाहतो. कोहेन यांच्याच २००५ च्या अभ्यासात जे मॉडेलकडे अधिक वेळा पाहत होते त्यांची चित्रे अधिक अचूक निघाली. पेन्सिल हात ताठ करून धरणे, डोक्याची उंची मापून ती अंगावर किती वेळा बसते ते पाहणे, मनातल्या मनात ओळंबा सोडून कानाखाली टाच येते की नाही हे ठरवणे, काख आणि कंबर यांमधली मोकळी जागा आकार म्हणून काढणे, या सगळ्या जुन्या युक्त्या एकच काम करतात. मनाने दिलेले पहिले उत्तर त्या मान्य करत नाहीत.

हे लक्षात घेतले की नियमितपणाचा आग्रह का, ते उलगडते. आपण जागे असतो तेवढा सगळा वेळ मन माणसांकडे कामापुरते पाहत असते. ओळखीचा की अनोळखी, खुशीत की चिडलेला, वाट देणार की अडवणार, एवढे कळले की त्याचे भागते. चित्राचे पाहणे या सवयीच्या विरुद्ध जाते. आठवड्यातून एकदा, रविवारी चार तास बसले तर उरलेले सहा दिवस जुनी सवय बिनविरोध राज्य करते आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. रोजची पंचवीस-तीस मिनिटे एकूण तासांत त्याहून कमी भरली तरी अधिक देतात. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये पाठांतरावर केलेल्या प्रयोगांत दाखवले होते की तेवढीच उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरली तर अधिक टिकते. पाठांतर आणि रेखाटन एक नव्हे. तरीही दोन्हींत मनाला विसरायला आणि मग पुन्हा आठवायला लावणे हेच काम करते.

पाहण्याचा क्रम कसा असावा, हे शिकायला कोलकात्यात फार लांब जावे लागत नाही. न्यू टाउन या उपनगरात राहणाऱ्याने पावसाळ्याच्या अखेरीस एकदा शहराच्या उत्तरेकडच्या कुमारटुलीत जावे. दुर्गेच्या मूर्ती तिथे घडताना दिसतात, आणि मानवाकृतीचा त्याहून चांगला पाठ मला तरी माहीत नाही. आधी बांबू आणि लाकडाचा सांगाडा उभा राहतो. त्याला तिकडे ‘काठामो’ म्हणतात. त्यावर भाताचा पेंढा सुतळीने करकचून बांधत अंग भरले जाते. या टप्प्यावर मूर्तीला चेहरा नसतो, बोटे नसतात, दागिने तर नाहीतच. तरीही एक पाय सिंहावर आणि दुसरा महिषासुरावर रोवून उभी असलेली देवी स्पष्ट कळते. कंबर कुठे वळली, वजन कोणत्या पायावर आले, खांदे कोणत्या बाजूला कलले, हे सारे पेंढ्यातच ठरून जाते. मग तुसात मळलेल्या चिकण मातीचा थर, तो वाळून तडकला की मऊ मातीचा दुसरा. मुख बहुधा साच्यातून काढून वेगळे जोडतात, बोटे वेगळी घडवतात. डोळे अगदी शेवटी येतात. परंपरेने महालयेच्या दिवशी. पेंढ्याच्या बांधणीत तोल चुकला असेल तर वर कितीही सुंदर डोळे रंगवले तरी मूर्ती अवघडलेलीच राहते, हे तिथल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक असते. नवखा रेखाटनकार नेमका उलटा चालतो. तो डोळ्याच्या पापणीपासून सुरुवात करतो, चेहरा पुरा करतो, मग मानेखाली उतरतो आणि कागद संपला म्हणून पाय आखूड करतो.

कलाशाळांत ज्याला क्विक स्केच म्हणतात ते या पेंढ्याच्या टप्प्याचे काम. अर्धा मिनिट, एक मिनिट, फार तर दोन मिनिटे. तेवढ्यात फक्त ढब पकडायची. डोक्यापासून टेकलेल्या टाचेपर्यंत जाणारी एक मुख्य रेघ, खांद्यांचा कल, कमरेचा कल, बस्स. वजन एका पायावर आले की त्या बाजूचे कमरेचे हाड वर उचलले जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आपल्या शिल्पांतली त्रिभंगाची ढब याच तोलावर उभी आहे. चौरंगीवरच्या इंडियन म्युझियममध्ये भरहुतच्या स्तूपाचे कठडे आहेत. तिथल्या झाडाला बिलगलेल्या यक्षी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत आणि त्या हलत नाहीत, ही शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय. मोठ्या माणसाचे शरीर साधारण साडेसात डोक्यांएवढे भरते, नवजात बाळाचे जेमतेम चार. आपल्या शिल्पशास्त्रातले नवताल प्रमाण मुखाच्या मापाने नऊ ताल, म्हणजे १०८ अंगुळे धरते. ही मापे पाठ असावीत. पण ती चूक शोधण्यासाठी वापरावीत, चित्र भरून काढण्यासाठी नव्हे. समोर बसलेला माणूस कधीच शास्त्रातला नसतो.

इथे एक जुना आणि गंभीर आक्षेप येतो, आणि तो याच शहरात सर्वात जोरात मांडला गेला. प्रत्यक्ष शरीर पाहून काढणे ही युरोपची रीत. तिने भारतीय चित्रकाराची कल्पना मारली जाते, असे म्हटले गेले. कोलकात्याची सरकारी कलाशाळा १८५४ ची. तिथे १८९६ मध्ये आलेल्या ई. बी. हॅवेल यांनी पाश्चात्त्य नकलेवरचा भर कमी करायला सुरुवात केली, पुढे तिथली युरोपीय चित्रे काढून मोगल चित्रे आणली आणि १९०५ मध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांना सोबत घेतले. काही विद्यार्थ्यांना हे पटले नाही; रणदाप्रसाद गुप्तांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये ज्युबिली आर्ट अकॅडमी निघाली आणि हेमेन मजुमदार, अतुल बोस यांच्यासारखे शरीररचनेत पारंगत चित्रकार त्या वाटेने घडले. उलट अवनींद्रनाथांनी १९१४ च्या सुमारास भारतीय शरीररचनेवर लिहिताना धड गाईच्या मुखासारखे, डोळे माशासारखे अशा निसर्गातल्या रूपांवर शरीर रचायची परंपरा समजावून सांगितली. वाद खरा होता. पण त्यातून पाहण्याचा सराव नको असा निष्कर्ष निघत नाही. अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनात नग्न मॉडेलचा वर्ग ठेवला नाही, मात्र जाता-येता माणसे, झाडे, जनावरे टिपण्याची सवय स्वतःला आणि विद्यार्थ्यांना लावली. कार्डांवर काढलेली त्यांची असंख्य रेखाटने त्याची साक्ष देतात. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेल्या चित्रांतला ढोलकीवाला किंवा शिंपी एवढ्या थोडक्या रेघांत उभा राहतो तो त्याआधी शेकडो माणसे निरखलेली असल्यामुळे.

मुंबईने या वादाला दुसऱ्या टोकाकडून उत्तर दिले. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ च्या सुमारास, जे. जे. स्कूलमध्ये जिवंत मॉडेलवरून अभ्यास पक्का झाला. त्याच परंपरेतले एम. आर. आचरेकर १९५८ मध्ये ‘रूपदर्शिनी’ घेऊन आले. जिवंत मॉडेलची रेखाटने आणि भारतीय शिल्पांतल्या तशाच ढबी त्यांनी समोरासमोर ठेवल्या. ते पाहिल्यावर शिल्पकाराने काय सोडले, काय वाढवले, कुठे स्नायू पुसून एक अखंड वळण केले, हे कळते. आणि ते करण्याआधी त्याने शरीर किती निरखले असेल तेही कळते. कल्पना विरुद्ध निरीक्षण हे भांडण त्या पुस्तकाने माझ्या मते निकालात काढले. बदल करायचा तर काय बदलतो आहोत हे आधी दिसले पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा. न्यू टाउनमध्येच रवींद्रतीर्थ हे सांस्कृतिक केंद्र आहे, आणि रवींद्रनाथांचे नाव या वादात हमखास निघते: त्यांनी कुठे जिवंत मॉडेलचा वर्ग केला होता? नव्हताच केला. हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून त्यांची चित्रे उगवली आणि पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १९३० च्या मे महिन्यात भरले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होत होते. पण एकूण चित्रे दोन हजारांहून अधिक, आणि त्यांतली बहुतेक शेवटच्या दहा-बारा वर्षांतली. याला नियमित काम म्हणायचे नाही तर कशाला? शिवाय शरीर अचूक दिसावे हा त्यांचा हेतूच नव्हता. ज्याला तो हेतू आहे त्याला त्यांचे उदाहरण सूट देत नाही. संशोधनाकडे पाहिले तर प्रतिभावाद्यांच्या हाती एक खरा मुद्दा लागतो. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी हेतुपूर्वक केलेल्या सरावाने उलगडणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ आणि मैदानी खेळांत १८ टक्के निघाला. म्हणजे सराव सर्वस्व नाही. मात्र हे आकडे एकाची दुसऱ्याशी तुलना करतात. तुमचे आजचे रेखाटन आणि तुमचेच वर्षानंतरचे रेखाटन यांत किती अंतर पडेल, याविषयी ते काही सांगत नाहीत. व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवले. सुरुवातीची त्याची माणसे अवघडलेली आहेत. शार्ल बार्ग यांच्या रेखाटन-पाठांच्या नकला तो पुन्हा पुन्हा करत राहिला आणि १८९० मध्ये, नाव घेण्याजोगी चित्रे हातून झाल्यावरही, त्याच पाठांकडे परत वळला.

मग वर्षभर वह्या भरूनही काहींचे चित्र जागचे का हलत नाही? कारण ते पाठ झालेला माणूस पुन्हा पुन्हा काढत असतात. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. स्मरणचित्राच्या परीक्षेसाठी अनेक मुले नळावरची रांग किंवा बसथांबा असा एखादा देखावा घोटून जातात. त्यातल्या बायका, मुले, म्हातारा सगळे ठरलेले. स्मरणातून काढण्याची मूळ कल्पना याच्या नेमकी उलट आहे. फ्रान्समध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक विद्यार्थ्यांना वस्तू निरखायला लावत, मग ती दूर करून आठवणीतून काढायला लावत, आणि शेवटी मूळ वस्तूशी ताडून पाहायला लावत. रोदँ त्यांचा विद्यार्थी. त्यातले ताडून पाहणे गाळले की उरते ती घोकंपट्टी. म्हणून रोजच्या बैठकीला एक प्रश्न असावा. आज फक्त मान खांद्यांत कशी बसते ते. उद्या फक्त बसलेल्या माणसाचे गुडघे. काढून झाल्यावर मूळ ढबीशी ताडावे, चूक कुठे आणि कोणत्या दिशेला झाली ते कडेला लिहावे, आणि तीच ढब एकदा आठवणीतून काढावी. वहीच्या कडेला महिनाभर ‘डोके मोठे, पाय आखूड’ असेच उमटत राहिले, तर आपले मन आपल्याला कुठे फसवते ते कळले, आणि शिकण्याला तोंड फुटले.

मॉडेल कुठून आणायचे, ही तक्रार न्यू टाउनपुरती तरी टिकत नाही. ४८० एकरांच्या इको पार्कमध्ये संध्याकाळी माणसेच माणसे असतात: बाकावर रेललेली, मुलाला कडेवर घेतलेली, बोटीच्या रांगेत ताटकळलेली. सेक्टर फाइव्हच्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्या बसची वाट पाहणारा माणूस दोन मिनिटे तरी एका पायावर उभा राहतोच. तो हलला की चित्र बिघडले असे समजू नये. शेजारी नवे सुरू करावे, आणि पहिला पुन्हा तशाच ढबीत आला की अर्धे राहिलेले पुरे करावे. जोगेन चौधुरी विद्यार्थी असताना सियालदा स्थानकावर जाऊन फाळणीच्या निर्वासितांची रेखाटने करत. कोलकात्याच्या कलाशाळेत शिकवणारे झैनुल आबेदीन १९४३ च्या दुष्काळात रस्त्यावरची भुकेली माणसे साध्या कागदावर काळ्या शाईने काढू शकले, कारण ती वेळ येण्याआधी हात आणि नजर तयार होती. तशी वेळ पुन्हा कोणावर न येवो, पण तयारी वेळेवर करता येत नाही हे त्यातून दिसते. अनोळखी माणसाने विचारले तर वही दाखवावी, आणि नको म्हणाला तर थांबावे. एवढी सभ्यता सार्वजनिक जागी पाळली पाहिजे.

फोनवरचे फोटो अगदी वर्ज्य नाहीत. सुरुवातीला स्थिर प्रतिमा धीर देते. पण जवळून घेतलेल्या फोटोत फोनचे भिंग पुढचा हात किंवा गुडघा फुगवते, सावल्या एकसारख्या काळ्या करते, आणि गोल शरीर सपाट करण्याचे अर्धे काम त्याने आधीच उरकलेले असते. तेच काम शिकणाऱ्याने स्वतः करायला हवे. फोटोवर कागद ठेवून गिरवण्यात तर मोजणे, ताडणे, चुकणे काहीच घडत नाही. त्यातून चित्र मिळते, नजर मिळत नाही.

एका गोष्टीची मात्र एकट्याने सोय होत नाही, ती म्हणजे वीस-तीस मिनिटे एका ढबीत बसलेला जिवंत माणूस. त्यासाठी कलाशाळेत प्रवेश घ्यावा लागू नये. न्यू टाउनमध्ये रवींद्रतीर्थ आणि नजरुलतीर्थ आहेत, जवळजवळ प्रत्येक मोठ्या वसाहतीत सभागृह आहे, आणि कोलकात्याच्या मराठी माणसांना हाजरा रोडवरचे महाराष्ट्र निवास परके नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, साध्या रोजच्या कपड्यांतले एक मॉडेल, त्याला योग्य मानधन, आणि शेवटी सर्वांच्या वह्या एका ओळीत मांडून मूळ ढबीशी ताडण्यासाठी पंधरा मिनिटे, एवढीच सामग्री लागते. आयटीतली नोकरी करून दमलेले तरुण, निवृत्त आजी-आजोबा आणि शाळकरी मुले एकाच मॉडेलभोवती बसू शकतात. ज्यांच्याकडे अशा जागांच्या किल्ल्या आहेत त्यांनी ही बैठक सुरू करावी, आणि ज्यांना माणूस काढता यावा असे वाटते त्यांनी तिची वाट न पाहता आज रात्री घरातला जो कोणी बसलेला दिसेल त्याला दोन मिनिटांत काढून कागदावर तारीख घालावी.